चटका कळण्याआधीच पोळते तेव्हा

पत्र: माझे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि आई ७६ वर्षांची. घरी दोघेच असतात. मी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी राहते आणि दीड-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जाऊन येते. बाबांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे, पावले बधिर झाली आहेत आणि तरी ती गार पडतात अशी त्यांची तक्रार असते. तीन आठवड्यांपूर्वी ते गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले. सकाळी टाचेजवळ मोठा फोड आला होता आणि रात्री त्यांना काहीच कळले नव्हते. जखम अजून ओली आहे, पण “दुखत नाही, वाळेल आपोआप” असे ते म्हणतात. आईकडून गेल्या काही महिन्यांत दोनदा शेगडीवर भांडे राहून करपले. एकदा तर शेजाऱ्यांनी बेल वाजवून सांगितले. मी तिला म्हटले, आता स्वयंपाक बंद कर, जेवण बाहेरून मागवू. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेगडी काढून टाकावी का? दोघांना माझ्याकडेच आणावे का? रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते. (एक मुलगी)

उत्तर:

तुमच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी बाबांच्या टाचेबद्दल लिहिते, कारण ते थांबण्यासारखे नाही. मधुमेह असलेल्या आणि बधिर पाय असलेल्या माणसाची भाजल्याची जखम तीन आठवड्यांनंतरही ओली असेल, तर तिला घरगुती जखम म्हणता येत नाही. आजच, फार तर उद्या, ती डॉक्टरांना दाखवा. अशा पायात रक्तपुरवठा अनेकदा कमी असतो, जंतुसंसर्ग आतपर्यंत, प्रसंगी हाडापर्यंत पोहोचतो आणि वेदना नसल्यामुळे त्याची वर्दी कोणालाच मिळत नाही. “दुखत नाही” हे बाबांना दिलासा देणारे वाटते, पण दुखणे सांगणाऱ्या नसाच मंदावल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे डॉक्टरांना सांगा, रक्तातील साखर तपासून घ्या आणि त्या टाचेवर भार न येता चालायचे कसे हेही विचारून घ्या. तुम्हाला लगेच जाता येत नसेल, तर तुमची वाट न पाहता आई त्यांना घेऊन जाऊ शकेल किंवा एखादा शेजारी सोबत करू शकेल अशी व्यवस्था फोनवरूनच करा.

आता शेगडीबद्दल. ती काढून टाकू नका, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रात बाबांची टाच आणि आईचे करपलेले भांडे या दोन वेगळ्या घटना म्हणून आल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. आयुष्यभर आपल्याला आगीपासून आणि गरम वस्तूंपासून कोण वाचवते? बसलेला चटका, नाकाला आलेला वास, कानावर पडलेला आवाज, क्षणार्धात मागे घेतलेला हात आणि मागच्या खोलीत काहीतरी चुलीवर आहे ही मनात जागी असलेली आठवण. हे पहारेकरी वयाबरोबर एकेक करून थकतात आणि माणूस मात्र पूर्वीच्याच सवयीने, पूर्वीच्याच भरवशावर वागत राहतो. त्यामुळे “जपून राहा” या उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही. जपण्यासाठी ज्या संवेदना लागतात त्याच कमी झालेल्या असतात. थकलेल्या पहारेकऱ्याचे काम आता घरातल्या वस्तूंनी करायचे आहे. आईबाबांना बदलण्याच्या खटाटोपात पडण्यापेक्षा घर असे लावून घ्या की चूक झाली तरी ती करपलेल्या भांड्यापाशीच थांबेल.

बाबांना जे झाले ते नेमके कसे झाले हे समजून घेतले, तर पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतील. आपली समजूत अशी असते की पोळण्यासाठी वस्तू हात लावता येणार नाही इतकी गरम असावी लागते. मोरित्झ आणि हेन्रिकेझ या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले की त्वचा जळणे तापमानावर जितके अवलंबून असते तितकेच संपर्काच्या वेळावरही असते. ६० अंश सेल्सियसच्या पाण्याने सुमारे पाच सेकंदांत खोल इजा होते. ४९ अंशाला त्याच इजेसाठी साधारण नऊ-दहा मिनिटे लागतात. आणि जे तापमान हाताला नुसते ऊबदार वाटते, त्या ४४ अंशालाही सहा तासांचा संपर्क त्वचा जाळायला पुरतो. सहा तास म्हणजे एका रात्रीची झोप. ज्याची संवेदना शाबूत आहे तो झोपेतही पाय सरकवतो, कूस बदलतो. बाबांच्या टाचेने मेंदूला काहीच कळवले नाही, म्हणून ती तिथेच राहिली. बाबा निष्काळजीपणे वागले असे यात काही नाही आणि तुम्ही त्यांना तसे म्हणाला असाल, तर ते शब्द मागे घ्या.

म्हातारपणी भाजणे हे तरुणपणी भाजण्यापेक्षा वेगळे दुखणे आहे, हेही लक्षात असू द्या. त्वचा पातळ झालेली असते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेने जखम अधिक खोल जाते, वर दिलेल्या वेळाही वृद्धांसाठी आणखी कमी धराव्यात. जखम भरून यायला वेळ लागतो आणि अंथरुणात पडून राहण्यातून फुप्फुसाचे आजार, अशक्तपणा असे नवे प्रश्न उभे राहतात. सर्ज बो या फ्रेंच डॉक्टरांनी १९६१ मध्ये भाजलेल्या रुग्णाच्या जिवाला असलेल्या धोक्याचा अंदाज बांधण्याची एक साधी रीत मांडली होती: रुग्णाचे वय आणि शरीराचा जितके टक्के भाग भाजला आहे तो आकडा, यांची बेरीज करायची. त्या काळी बेरीज शंभराजवळ गेली की आशा फारच थोडी उरत असे. उपचार सुधारल्यामुळे ही मर्यादा आता बरीच वर सरकली आहे आणि डॉक्टर इतरही अनेक गोष्टी पाहतात. तरीही त्या बेरजेत वय टक्क्यांच्या बरोबरीने मोजले जाते, यातच सारे आले. तुमच्या काळजीला कोणी अतिरेकी म्हणत असेल तर तसे नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

तर बाबांचे गार पाय. गरम पाण्याची पिशवी घरातून फेकून द्यायची गरज नाही, पण ती अंथरूण गरम करण्यासाठी आहे, माणूस गरम करण्यासाठी नाही, असा नियम करावा. झोपण्यापूर्वी अर्धा तास ती पांघरुणाखाली ठेवायची आणि बाबा आडवे होण्याआधी काढून घ्यायची. पायांसाठी सैल लोकरी मोजे पुरेत. तेही अशा माणसाच्या हाती सोपवावेत जो ते घालताना रोज तळपाय पाहील. पिशवीत उकळते पाणी भरू नये, ती काठोकाठ भरू नये आणि रबर चिरू लागले किंवा दोन वर्षे झाली की बदलावी, कारण फुटलेली पिशवी अंथरुणात अख्ख्या मांडीवर रिती होते. विजेवर चालणारी शेकण्याची गादी किंवा पट्टा यांनाही हेच लागू आहे. तो लावून झोपू नये आणि घड्याळाबरोबर आपोआप बंद होणाराच घ्यावा. बाबा किंवा आई झोपेची गोळी घेत असतील तर ही काळजी दुप्पट करा, कारण गोळी घेतलेला माणूस साध्या चटक्यालाही उशिरा जागा होतो. खोलीत हीटर असेल तर त्याच्या चारी बाजूंना एक मीटर अंतरात पडदा, पांघरूण, वर्तमानपत्र, खुर्चीवर वाळत टाकलेला कपडा यांपैकी काहीही नसावे आणि झोपताना तो बंद असावा. बधिर पाय हीटरसमोर शेकायला ठेवणे हे तर पिशवीसारखेच आहे, फक्त दिसत नाही.

न्हाणीघराबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून मीच विचारते: गीझर किती अंशांवर लावलेला आहे? वृद्धांच्या घरी ज्वालेची भीती सर्वांना वाटते आणि नळातल्या पाण्याकडे कोणी पाहत नाही, पण त्याच पाण्याने पोळून माणसे दगावतात. त्यात घसरून पडलेल्या माणसाला गरम धारेखालून उठता येत नाही हे ध्यानात घेतले, तर वर दिलेले पाच सेकंद किती थोडे आहेत ते कळेल. आंघोळीला ३८ ते ४० अंशांचे पाणी पुरते. गीझर साठवण न करणारा असेल, तर तो थेट कमी तापमानावर लावता येतो. साठवणीच्या टाकीचे तापमान मात्र फार उतरवू नये, कारण कोमट साठ्यात लीजनेला नावाचे, फुप्फुसाचा आजार देणारे जंतू वाढतात. अशा टाकीत पाणी ६० अंशांवर ठेवून, नळाशी गरम आणि गार पाणी आपोआप मिसळणारा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. नळकाम करणाऱ्याला तो माहीत असतो. ज्या दिवशी तुम्ही जाल त्या दिवशी साध्या थर्मामीटरने नळाचे पाणी मोजा, गीझरवरच्या आकड्यावर विसंबू नका. बादली किंवा टब भरताना आधी गार पाणी, मग गरम, असा क्रम ठेवावा आणि बाबांनी पाण्यात पाय कधीच आधी घालू नये. पाणी कोपराने पाहावे, त्याहून बरे म्हणजे आईने पाहावे. गरम नळाच्या मुठीला लाल रंगाची जाड पट्टी चिकटवा आणि नळाजवळ भिंतीला धरायला दांडा बसवा. तोल जाताना हात जवळच्या वस्तूकडे जातो आणि ती वस्तू गरम पाण्याची मूठ नसावी.

आता आई. भांडे दोनदा करपले यावरून तिची स्मरणशक्ती गेली असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका, पण ते साधे विसरणे आहे असे म्हणून सोडूनही देऊ नका. कारण शोधा. फोन आला म्हणून ती बाहेरच्या खोलीत गेली होती का? करपल्याचा वास शेजाऱ्यांना आला आणि तिला आला नाही, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट आहे. उतारवयात वासाची जाणीव बरीच मंदावते आणि बहुतेकांना ती मंदावल्याचे स्वतःला कळत नाही. डोळे बंद करायला सांगून तिला ओळखीच्या तीन-चार वस्तूंचा वास ओळखता येतो का, ते घरीच पाहा. ऐकू कमी येत असेल तर उकळणाऱ्या भांड्याचा आवाजही तिच्यापर्यंत पोहोचत नसेल. याखेरीज थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधे, नैराश्य यांनीही विसराळूपणा येतो आणि ही कारणे बरी होणारी आहेत, म्हणून एकदा डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

कारण काहीही निघाले तरी शेगडीने तिची थोडी जबाबदारी उचलावी. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते, ठरावीक वेळाने गॅस तोडणारा टाइमर मिळतो, आणि विजेच्या शेगडीसाठी आसपास कोणाची हालचाल दिसली नाही तर ती बंद करणारे उपकरणही मिळते. इंडक्शनची शेगडी चांगली, कारण भांडे उचलले की ती तापणे थांबते, उघडी ज्योत नसते आणि बहुतेकींना वेळेची मर्यादा लावता येते. मात्र दोघांपैकी कोणाला पेसमेकर असेल तर आधी हृदयरोगाच्या डॉक्टरांना विचारा आणि जुनी भांडी तिच्यावर चालतात का ते पाहा. एक अडचण आधीच सांगून ठेवते: पन्नास वर्षे ज्योत पाहून आच ओळखणाऱ्या बाईला गुळगुळीत काच आणि बटणे परकी वाटतात. नवी शेगडी बसवून तुम्ही दुसऱ्या दिवशी निघून आलात, तर ती आठवड्यात माळ्यावर जाईल. चार दिवस तिथे राहा, तिच्या शेजारी उभ्या राहा आणि तिला स्वतःला सारे करू द्या.

फुकटातला उपाय सर्वांत कामाचा आहे. शेगडी पेटलेली असताना स्वयंपाकघर सोडावेच लागले, तर हातातला डाव खाली न ठेवता बरोबर घेऊन जायचा. बाहेरच्या खोलीत बसल्यावर हातात डाव दिसला की शेगडी आठवते. लहान टाइमर गळ्यात अडकवता येतो, तोही असू द्या. फोन स्वयंपाकघरातच ठेवा म्हणजे तो घ्यायला ती बाहेर जाणार नाही. आणि एक खुर्चीही ठेवा, कारण पाय दुखतात म्हणून “जरा टेकते” असे म्हणून बायका शेगडी सोडतात आणि तिथे डोळा लागतो.

शेगडीभोवतीची मांडणी पाहताना तिच्या उंचीने, तिच्या नजरेने पाहा. रोज लागणारे डबे ज्योतीच्या मागे किंवा वर ठेवलेले असतील, तर ते काढण्यासाठी तिला आगीवरून हात न्यावा लागतो. भांड्यांचे दांडे बाहेर आलेले असतील तर बाही अडकते. उजेड थेट शेगडीवर पडत असेल तर बारीक निळी ज्योत दिसत नाही, मोतीबिंदू असेल तर मुळीच नाही. बटण बंद असल्याची खूण ठसठशीत रंगाने करा. हातात कंप असेल किंवा पकड सैल झाली असेल, तर गरम द्रवाने भरलेले जड भांडे उचलून नेणे हा दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण असतो. ते उचलायचे नाही, ओट्यावरून सरकवायचे किंवा डावाने थोडे थोडे काढून घ्यायचे. स्वयंपाक करताना बाह्या घट्ट किंवा कोपरापर्यंत दुमडलेल्या असाव्यात आणि खांद्यावरून सुटे लोंबणारे काही नसावे. नायलॉन, पॉलिएस्टरसारखे धागे वितळून अंगाला चिकटतात. सुतीही पेटते, पण चिकटत नाही.

तेल पेटले तर काय करायचे, हे तिला तोंडी सांगून भागणार नाही, हाताने करून दाखवायला सांगा, अर्थात थंड भांड्यावर. गॅस बंद, भांड्यापेक्षा मोठे झाकण बाजूने सरकवत वर, आणि भांडे पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलायचे नाही. पाणी टाकायचे नाही, कारण पाणी तेलाच्या तळाशी जाऊन क्षणात वाफ होते, ती वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. पेटलेले भांडे उचलून बाहेर न्यायचेही नाही. बटणापर्यंत हात पोहोचत नसेल किंवा झाकणाने विझले नाही, तर दार ओढून घ्यायचे आणि घराबाहेर पडायचे. आग विझवणे हे तिचे काम नाही. अग्निशामक नळकांडे घरात असायला हरकत नाही, पण ७६ वर्षांच्या, मनगट दुखणाऱ्या बाईने पिन काढून ते पेलावे अशी अपेक्षा करणे मला पटत नाही. तिला झाकण आणि दरवाजा एवढे दोनच उपाय पक्के आले पाहिजेत. गॅसचा वास आला तर दिवा किंवा पंखा लावायचाही नाही आणि बंदही करायचा नाही, रेग्युलेटर बंद करून खिडक्या-दारे उघडायची आणि फोन बाहेर जाऊन करायचा. पण वासच कळत नसेल, तर गॅसगळती ओळखणारे यंत्र हवे. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असल्याने त्यासाठी यंत्र जमिनीलगत बसवावे लागते, नळाने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्याने त्यासाठी छताजवळ.

शेगडी केव्हा काढावी, तेही स्पष्ट सांगते, म्हणजे निर्णय तुमच्या भीतीवर राहणार नाही. हे सारे केल्यानंतरही भांडी करपत राहिली, गॅस पेटवला होता हेच तिला आठवेनासे झाले, किंवा आग दिसल्यावर काय करायचे हे दाखवूनही तिच्या हातून होईना, तर एकटीने ज्योत पेटवणे थांबवावे लागेल. तेव्हाही स्वयंपाक थांबवू नये. निवडणे, चिरणे, मळणे, चव पाहणे, कोणी सोबत असताना शेगडीशी उभे राहणे हे तिचेच राहिले पाहिजे. ती दोन दिवस बोलली नाही कारण तुम्ही तिच्याकडून एक काम काढून घेत नव्हता, घरातले तिचे स्थान काढून घेत होता.

कपडे पेटले तर थांबा, खाली पडा, लोळा, असे शाळेत शिकवतात. गुडघे धरलेल्या माणसाला खाली पडता येत नाही आणि पडला तर हाड मोडते. त्याने पळायचे मात्र नाही. शक्य तितके पलंगावर आडवे व्हायचे, हातांनी चेहरा झाकायचा आणि दुसऱ्याने जाड लोकरी पांघरूण वरून दाबून धरायचे. म्हणून असे एक पांघरूण स्वयंपाकघराच्या दाराशी कायम असू द्या. इथेच एक कमी माहितीचा धोका सांगते. कोरड्या त्वचेला लावायची मलमे, विशेषतः पॅराफिनची, कपड्यांत आणि चादरीत मुरतात, आणि मुरलेले कापड ठिणगीने फार लवकर पेटते. ब्रिटनच्या औषधनियंत्रक संस्थेने २०१८ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. पॅराफिन नसलेल्या मलमांनाही तो लागू आहे आणि धुण्याने मलम पूर्ण निघत नाही. मलम लावून शेगडीशी जायचे नाही, सिगारेट ओढायची नाही. जंतुनाशक अल्कोहोल हाताला लावले असेल, तर हात पूर्ण वाळल्यावरच ज्योतीजवळ जावे.

रात्रीची आग हा वेगळाच प्रसंग आहे. बहुतेक माणसे ज्वालेने नाही तर धुराने मरतात, आणि धूर झोपलेल्याला जागे करत नाही, अधिक गाढ झोपवतो. म्हणून झोपण्याच्या खोलीत आणि तिच्या बाहेर धुराचा अलार्म हवा. स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा हवा, नाहीतर रोजच्या वाफेने वाजून वाजून तो कोणीतरी काढून ठेवेल. नेहमीच्या अलार्मचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे चांगला उंच असतो आणि वयाबरोबर नेमके उंच स्वरच आधी ऐकू येईनासे होतात. ५२० हर्ट्झच्या खालच्या स्वराचे अलार्म अशा लोकांना जास्त खात्रीने उठवतात. श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्यांसाठी उशीखाली थरथरणारा अलार्मही असतो. महिन्यातून एकदा बटण दाबून तो वाजवा, आणि ते दोघे पलंगावर, श्रवणयंत्र असेल तर ते काढून पडलेले असताना वाजवा, तरच खरे कळेल. दहा वर्षांनी अलार्म बदलावा लागतो. घरात गॅसवर चालणारा गीझर किंवा हीटर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतंत्र घ्यावा, कारण त्या वायूला वास नसतो.

उशाशी काय असावे ते ठरवून टाका: चष्मा, श्रवणयंत्र, काठी किंवा वॉकर, टॉर्च, फोन आणि दाराची किल्ली. माझ्या आईच्या घरी चोराच्या भीतीने किल्ली रोज नव्या जागी लपवली जात असे आणि एका रात्री वीज गेली तेव्हा ती आम्हाला वीस मिनिटे सापडली नाही. तेव्हा आग नव्हती. त्यानंतर किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर आली आणि तिथेच राहिली. बाहेर पडायचे दोन मार्ग हवेत आणि खिडकीला जाळी असेल तर ती आतून उघडणारी हवी. लिफ्ट वापरायची नाही. बाबांना जिने उतरवत नसतील किंवा जिन्यात धूर असेल, तर खोलीचे दार लावून, फटीत ओला टॉवेल सारून, खिडकीशी बसून अग्निशमन दलाला फोन करायचा आणि आपण कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला आहोत ते सांगायचे. बाबांना एकट्याने उचलण्याचा प्रयत्न आईने करू नये. खालच्या किंवा शेजारच्या घरात एकाला आधीच सांगून ठेवा की इथे एका माणसाला नीट चालता येत नाही.

विजेच्या बाबतीत थोडक्यात: हीटर आणि गीझर भिंतीतल्या प्लगवरच लावावेत, एक्सटेन्शनवर नाही. वायर गालिच्याखालून नेऊ नये, आणि गरम लागणारा प्लग हा बिघडलेला प्लग असतो. मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. घरात कधी ऑक्सिजन लावायची वेळ आली, तर त्या खोलीत ज्योत आणि सिगारेट अजिबात नको, शेगडीपासून निदान तीन मीटर अंतर हवे, आणि नळी काढल्यावरही केसांत व कपड्यांत ऑक्सिजन काही काळ राहतो हे बाबांना माहीत असावे.

एवढे करूनही भाजले तर नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरायचे. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण दोन मिनिटांत बरे वाटते आणि माणूस हात काढून घेतो. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंतही याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट, तूप, हळद काहीही नको. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी काढा, चिकटलेले कापड ओढू नका, फोड फोडू नका, वर स्वच्छ प्लॅस्टिकची पातळ फिल्म अलगद ठेवा. वृद्धांच्या बाबतीत इथे एक खबरदारी असते: पाणी जखमेवर घाला, पण उरलेले अंग पांघरुणाने गरम ठेवा, कारण त्यांचे शरीर लवकर गारठते. तळहात बोटांसकट धरला तर तो शरीराच्या सुमारे एक टक्का भरतो. तेवढी किंवा त्याहून मोठी जखम, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये भाजणे, विजेने भाजणे, धूर छातीत जाणे यांसाठी थेट रुग्णालय. बाबांसाठी मात्र आकार पाहायचाच नाही, कुठलेही भाजणे त्याच दिवशी दाखवायचे.

त्यांना तुमच्याकडे आणण्याबद्दल माझे मत असे आहे की भीतीपोटी घाईने आणू नका. अनोळखी घरात शेगडीचे बटण उलट फिरते, गरम नळ दुसऱ्या बाजूला असतो, रात्री न्हाणीघराची वाट अंधारात आठवत नाही, आणि तुम्ही दिवसभर बाहेर असता. पुढे आणावे लागले तर आधी तुमचे घर याच नजरेने पाहा.

आणि या वेळी जाल तेव्हा यादी घेऊन जाऊ नका. पहिला दिवस आईच्या पाठोपाठ फिरा आणि विचारा की तुला कुठे अवघड जाते, कुठले भांडे जड वाटते, कशाची धास्ती वाटते. करपलेल्या भांड्यांचा विषय तुम्ही काढू नका. बहुधा ती स्वतःच काढेल, कारण शेजाऱ्यांनी बेल वाजवली तेव्हा सर्वांत जास्त घाबरली होती ती. मग तिलाच विचारा की टाइमर गळ्यातला हवा की भिंतीवरचा, आणि रोज संध्याकाळी बाबांचे तळपाय तपासण्याचे काम तिच्याकडे सोपवा, पण ते बाबांच्या समोर, त्यांची परवानगी घेऊन. बाबांसाठी थर्मामीटर तुमच्या पिशवीत न विसरता घाला आणि नळाचे पाणी त्यांनाच मोजू द्या.